कुंकवाचे अंगठे

शनिवार, १८ जानेवारी १९८६. सकाळचे सात. माझ्या घराचे फाटक, धंतोली.

हजर : निर्मलाबाई, आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मालतीबाई, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. रहीमभाई, जीपचे चालक. आणि मी, मंडळाची चिटणीस. नाव देऊन न आलेल्या पाच. एकीला खोकला, दोघींकडे पाहुणे, दोघींनी कळवलेच नाही. ज्या आल्या नाहीत त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. निर्मलाबाईंना यातले काही आवडणार नाही, पण त्यांना मी तसे आधीच सांगितले आहे.

सामान : चहाच्या प्लॅस्टिकच्या गाळण्या साठ, वाणासाठी. तिळगुळाचे तीन डबे. हळद, कुंकू, अत्तर. दोन सतरंज्या. निवेदनाचे कागद, ते लावायला चाप असलेली फळी, दोन पेने, अंगठ्यांसाठी शाईचा पॅड. प्रत्येकापुढे मी खूण केली होती. पॅडपुढेही केली होती. पॅड मात्र घरी जेवणाच्या टेबलावरच राहिला. हे दुपारी कळले.

जीपचा मला पहिल्यापासून संशय होता. ती निर्मलाबाईंच्या दिरांची. त्यांच्या संत्र्याच्या बागा सावनेरकडे आहेत. मंडळाने आजवर अनेकदा जीप मागितली आणि दरवेळी ती कामात असल्याचे कळले. या वेळी आम्ही मागितली नव्हती. त्यांनीच निरोप पाठवला, दोन दिवसांसाठी, चालकासकट. मी निर्मलाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सगळ्यात काहीतरी शोधायची सवय झाली आहे तुम्हाला." ते खरे आहे. गेल्या संक्रांतीला अशाच एका गावात वाणाच्या चार वाट्या कमी भरल्या होत्या, तेव्हा मीच तिथे प्रत्येकीची सही घ्यायला लावली होती. यंदा वेळ वाचवायचा म्हणून तो कागद मी केला नव्हता.

सावनेर रस्ता

नागपूर सोडले की थोड्याच वेळात वीज केंद्राची धुराडी दिसू लागतात आणि मग बराच वेळ हटत नाहीत. रस्ता वळतो, धुराडी एकदा डावीकडे, एकदा समोर. थंडीचा धूर वर जाऊन आडवा पसरला होता. माझ्या घरातला पाण्याचा पंप, इस्त्री, उन्हाळ्यातला कूलर, सगळे याच्यावर चालते हे मला माहीत होते. पाहिले मात्र पहिल्यांदाच.

आमचे काम असे होते. केंद्राला आणखी एक धुराडे जोडायचे ठरते आहे. आजूबाजूच्या गावांचे म्हणणे महिनाअखेरपर्यंत घेणार आहेत. मंडळाने निवेदन तयार केले. पहिले वाक्य : धुराड्यांतून पडणाऱ्या राखेमुळे पिके, पाणी आणि माणसे यांचे नुकसान होते. दुसरे : राख अडवणारी यंत्रे आधी नीट चालवावीत. तिसरे मालतीबाईंचे : कोळशाचा धूर वाढवणारा कोणताही विस्तार थांबवावा. बायका एकत्र जमाव्यात म्हणून हळदीकुंकू ठेवावे ही कल्पना निर्मलाबाईंची.

तिसऱ्या वाक्यावर जीपमध्येही वाद झाला.

"राखेचे समजते," मी म्हटले. "पण विस्तारच थांबवा म्हणजे काय? वीज नको म्हणायचे आहे का आपल्याला?"

"राख खाली पडते म्हणून तुम्हाला दिसते," मालतीबाई म्हणाल्या. "जो वायू वर जातो तो कुठेच पडत नाही. तो साठतो. साऱ्या पृथ्वीची हवा त्याने तापते आहे. आपली नातवंडे भोगतील."

"नागपुरात आणखी तापायला काय शिल्लक आहे?" निर्मलाबाईंनी विचारले.

रहीमभाई हसले. मालतीबाई हसल्या नाहीत. त्या या गोष्टीवर कधी हसत नाहीत, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

चिंचटोला, शनिवार

गावाचे खरे नाव मी लिहीत नाही, तिथल्या बायकांची नावेही बदलली आहेत. कागदावरच्या अंगठ्यांवरून कोणी त्यांना जाब विचारू नये म्हणून.

चिंचटोल्याच्या शिवारातून मोठ्या तारांचे मनोरे जातात. त्यांच्याखाली उभे राहिले की गुणगुण ऐकू येते. एवढी वीज गावावरून जाते, पण गावात उतरते ती थोडीच. पाटलाची गल्ली, सरपंचांचे घर आणि त्यांच्या विहिरीवरची मोटर, एवढ्यांना लाइन आहे. पलीकडचा टोला कंदिलावर.

जीप चावडीपाशी थांबली तेव्हा पाराजवळ सात-आठ बाया उभ्या होत्या. त्यांनी आमच्या साड्या, पिशव्या आणि माझी फळी नीट पाहून घेतली.

"ऑपरेशनवाल्या होत का वं ह्या?" एकीने माझ्यादेखत शेजारणीला विचारले.

"वयावरून नाही वाटत. मतं मागाले आल्या असतीन."

तेवढ्यात सरपंचांच्या पत्नी गिरजाबाई आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत, डोक्यावरून पदर. "चूप बसा वं," त्या म्हणाल्या. "नागपूरच्या मॅडम होत. हळदीकुंकवाले आल्या."

"इतल्या दूर? नागपुरातल्या बाया सरल्या काय?"

निर्मलाबाईंनी तिळगूळ पुढे केला.

गिरजाबाईंनी ओसरीवर बसवले. बसण्याआधी त्यांनी खाट पुसली, आणि फडके उलटे करून आम्हाला दाखवले. करडे झाले होते. "सकाळून पुसलं होतं जी. पांढरं लुगडं आमच्या गावात कोनी नेसत नाही. दुपारपर्यंत त्याचा रंग उतरते." परसात कापसाचा ढीग होता. मी मूठभर हातात घेतला. बोंडे चांगली फुटलेली, पण मधूनमधून काजळी झाडल्यासारखी. यात संशयाला जागा नव्हती. हे मी वहीत टिपून घेतले.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि वांग्याचे भरीत. आमच्याकडे भरितात दही घालतात. तिथे कांद्याची पात आणि तेलात परतलेली हिरवी मिरची. मालतीबाईंना ठसका लागला तेव्हा गिरजाबाईंची सून हसत पाणी घेऊन आली. ही रुक्मा. वीस-बावीसची असेल.

जेवताना कुठूनतरी पुक् पुक् आवाज येत होता. रुक्मा म्हणाली, "वेणूबाईची गिरणी होये. डिझेलवर चालते."

तीन वाजता सरपंचांच्या अंगणात बाया जमल्या. मला वीस-पंचवीस येतील असे वाटले होते. त्रेचाळीस आल्या. सगळ्या वेळेवर आल्या, आणि एकीनेही का बोलावले असे विचारले नाही. मंडळाच्या सभेला मी निरोपावर निरोप पाठवते तेव्हा कुठे बारा जणी येतात. मला ते बरे वाटले नाही.

आधी मालतीबाई बोलल्या. दहा मिनिटे. वायू, हवेचे आवरण, सूर्याची उष्णता अडणे, सगळे त्यांनी जमेल तितके सोपे केले. मागून एकीने विचारले, "म्हंजे दुनियेले ताप आला म्हनता काय?"

"हो, तसेच समजा."

"मंग डाक्टर कोन?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. मालतीबाईंनी निवेदनाकडे बोट केले. नंतर निर्मलाबाई हळदीकुंकू लावून गाळणी देऊ लागल्या, आणि गाळणी घेतलेली प्रत्येक बाई पुढे माझ्यापाशी येऊ लागली. मी फळी पुढे करून म्हणत होते, "इथे सही करा, नाहीतर अंगठा." तेवढेच. कागद मोठ्याने वाचून दाखवायचे माझ्या यादीत होते. पण रांग लागली होती, बायांना गुरांचे दूध काढायला परतायचे होते, आणि मालतीबाई बोलल्या म्हणजे वाचल्यासारखेच झाले, असे मी ठरवून टाकले.

पहिल्या अंगठ्यालाच पॅड सापडेना. पिशव्या उपसल्या. जीपमध्ये पाहिले. मी रहीमभाईंकडेही जरा संशयाने पाहिले, त्याबद्दल मला आता लाज वाटते. निर्मलाबाई म्हणाल्या, "कुंकू आहे की." मीच वाटीत पाणी घालून कुंकू कालवले. लाल अंगठे उठू लागले. शाईपेक्षा स्वच्छ उठले. एकतीस अंगठे, बारा सह्या.

अंगणाच्या दाराशी एक बाई उभी होती. कपाळ मोकळे, केसांवर आणि भुवयांवर पीठ. तिला कोणी आत बोलावले नाही, तीही आली नाही. निर्मलाबाईंनी तिला तिळगूळ दिला आणि पुढे सरकल्या. ती तिथून माझ्याकडे नाही, माझ्या फळीकडे पाहत होती. मग दोन पावले आत येऊन माझ्या खांद्यामागे उभी राहिली. मी कागद जरा आडवा धरला. थोड्या वेळाने ती निघून गेली.

संध्याकाळी गिरजाबाईंच्या ओसरीवर दिवा लागला. बल्बमधली तार लाल दिसत होती, इतकाच उजेड. गिरजाबाईंनी सवयीने शेजारी कंदीलही लावला. मी त्यांना त्या बाईबद्दल विचारले.

"तेच वेणू गिरणीवाली. मालक वारल्यापासून एकटीच चालवते. मोठ्या मोटरीची लाइन पायजे म्हणून तीन साल झाले अर्ज करून राहिली. तिथले साहेब तिच्या गिरणीत येऊन बसतात."

"वीज केंद्राचे साहेब?"

"होये. येते दर आठ दिवसाले."

मग मला सगळे स्पष्ट झाले. निदान तसे वाटले. साहेबांनी आमचा कागद पाहायला वेणूबाईंना पाठवले होते. मी फळी उशाखाली घेऊन निजले.

चिंचटोला, रविवार

सकाळी मी दात घासत होते, तेव्हा रुक्मा गाळणी हातात घेऊन आली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "बाई, माहा अंगठा काटा जी."

"का खोडायचा? कोणी काही बोलले तुला?" मी विचारले. सरपंच, साहेब, वेणूबाई, सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले.

"कोनी काय बोलन? माह्या सासूनं बी घेतली, मीनं बी घेतली. एका चुलीवर दोन गाळण्या कायले पायजे? सासू म्हणे, दुसरीच्या वाटचं वाण घरात ठेवू नोको. हे घ्या वापस. अन अंगठा काटा, नाही त तुमचा हिशोब चुकन."

"रुक्मा, ती यादी गाळण्यांची नाही."

"मंग कायची होये?"

"धुराड्याची."

तिने क्षणभर विचार केला. "धुराडं बी वाटून राहिले काय?"

ती थट्टा करत नव्हती. मी तिला विचारले की गाळणीची सही असे तिला का वाटले. तर तिचे माहेर म्हणजे ते गेल्या वर्षीचे वाट्यांचे गाव. "तुमीच आल्त्या ना. वाटी घेतली का सही, वाटी घेतली का सही. माह्या मायनं मले सांगतलं होतं. मीनं इथं साऱ्यायले सांगतलं, का नागपूरवाल्या बाईची पद्धत होये तशी."

मी तोंड धुतले. मग आडापलीकडच्या दोन घरी गेले. दोघींनाही तेच विचारले. दोघींनी तेच उत्तर दिले. वाणाची सही. एकीने तर मला धीर दिला : "तुमाले वर दाखवा लागत असन ना जी. समजते आमाले."

बारा सह्या करणाऱ्यांनीही वाचले नव्हते का, हे विचारायला मी गिरणीकडे निघाले, कारण सकाळी बाया तिथे असतात असे रुक्मा म्हणाली. मालतीबाई बरोबर आल्या. निर्मलाबाई म्हणाल्या की त्यांचा चहा व्हायचा आहे.

गिरणी म्हणजे टिनाची खोली. एका बाजूला डिझेलचे इंजिन, तिथून लांब पट्टा जात्याकडे. भिंतीतून बाहेर काढलेल्या नळीतून काळा धूर सोडत इंजिन पुकपुकत होते. दहा-बारा बाया डबे घेऊन रांगेत बसल्या होत्या. वेणूबाई डाव्या हाताने धान्य ओतत होत्या. उजवा हात अंगाशी धरलेला.

मी ओरडूनच बोलले, कारण त्याशिवाय ऐकू जाईना. "काल तुम्ही माझ्या कागदाकडे पाहत होतात."

"वाचत होती जी."

"मग सही का केली नाहीत?"

"मले वाण कुठी होतं? गाळणी नाही त सही कायची? अन कुंकवाचा अंगठा त मले चालतच नाही." त्या सहज बोलत होत्या. डोळे पिठावर. "बाकीच्यायले घाई होती. मले काय काम? उभी राहून सारं वाचून काढलं. चौथी पास होय मी."

"साहेब लोक इथे येऊन बसतात म्हणे."

"साहेब?" त्यांनी रांगेतल्या बायांकडे पाहिले. "हे पाहा वं, मिस्त्री साहेब झाला." बाया हसल्या. "तिथला फिटर येते जी, दळण घेऊन. त्याच्या बायकोले बी पोळ्या कराव्याच लागते."

माझा रात्रभराचा संशय असा एका वाक्यात निकालात निघाला. दुसरा त्यांच्याकडे होता, आणि तो खरा होता.

"तुमची तिसरी ओळ," वेणूबाई म्हणाल्या. "विस्तार थांबवा म्हणते. म्हंजे नवीन धुराडं नाही. नवीन धुराडं नाही त त्याच्यासंगं येनारं सबस्टेशन नाही. सबस्टेशन नाही त माही लाइन नाही. बरोबर वाचलं का मीनं?"

"सबस्टेशनचे आम्हाला माहीत नव्हते."

"पुसलं कोनाले?"

त्यांनी पदर बाजूला करून खांदा दाखवला. हाड एका जागी उचललेले. गेल्या पोळ्याच्या सुमाराला इंजिन सुरू करताना हँडल उलटे फिरले होते. तेव्हापासून रोज सकाळी कोणाला तरी हातापाया पडून इंजिन फिरवून घ्यावे लागते. कोणी मिळाले नाही तर गिरणी बंद. "हा उन्हाळा काढतो कसा बी. पुढच्या सालाले लाइन आली त गिरणी, नाही त कुलूप. मंग ह्या बाया दोन कोस जातीन डोक्यावर डबे घेऊन. अन त्यायचेच अंगठे तुमच्या कागदावर हायेत."

रांगेतल्या बाया आता ऐकायचा प्रयत्न करत होत्या. एक म्हणाली, "काय म्हणून राहिली वं वेणू? कायचा कागद?"

वेणूबाईंनी खाली वाकून इंजिन बंद केले. एकदम इतकी शांतता झाली की मनोऱ्यांची गुणगुण तिथपर्यंत ऐकू आली. पुन्हा सुरू करायला काय लागते ते त्यांनी मला आताच सांगितले होते.

"वाचा आता," त्या म्हणाल्या.

मी वाचले. माझेच मराठी मला तिथे उभे राहून वाचवेना. 'उपरोक्त' आले, 'सबब' आले. प्रत्येक वाक्य पुन्हा साध्या भाषेत सांगावे लागले. तिसऱ्या वाक्याला मी मालतीबाईंकडे पाहिले. त्यांनी ते स्वतः सांगितले आणि काही लपवले नाही. हे वाक्य राहिले तर लाइन लांबू शकते, हेही सांगितले.

"माह्या गिरणीले दहाची मोटर लागन," वेणूबाई म्हणाल्या. "त्यानं किती तापते तुमची दुनिया?"

मालतीबाई डब्यावर बसल्या आणि माझ्याकडून कागद घेऊन खरोखरच हिशेब करू लागल्या. दहा अश्वशक्ती, दिवसाला चार तास, त्याला कोळसा किती. मध्येच थांबल्या.

"तुम्हाला डिझेल किती लागते?"

वेणूबाईंनी भिंतीतल्या नळीकडे मान केली. "हा बी धूरच हाय ना? याचा बी धरा."

तो आकडा मालतीबाईंकडे नव्हता. हिशेब तिथेच अर्धा राहिला. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

बाया मात्र सुरू झाल्या होत्या.

"राख बंद झाली पायजे, हे त बरोबर हाय. माह्या पोट्ट्याचा खोकला जात नाही."

"अन लाइन?"

"लाइन बी पायजे."

"दोन्ही कसं होईन वं?"

"काहून नाही होईन? त्यायले जमवाले लावा. साहेब कायचे होत?"

"तू बोलशीन काय साहेबासंगं? कुंकू लावाले त पदर वढून बसली होती."

"तुले काय जाते बोलाले. तुह्या घरी बलप हाय. मी कंदिलाची काच पुसून राहिली ना रोज."

काल त्रेचाळीस जणींपैकी एकीनेही मला काही विचारले नव्हते. आज तिथे माझ्या यादीतल्या अकरा होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. मी पेन्सिल काढली आणि एकेकीला विचारले. चौघी म्हणाल्या, कागद आहे तसा राहू द्या. पाच म्हणाल्या, आमचे नाव काटा. दोघी म्हणाल्या, राखेचे राहू द्या, तिसरी ओळ काढा. त्या दोघींसाठी माझ्या कागदावर रकाना नव्हता. समासात लिहिले. त्यातली एक रुक्मा, ती डबा घेऊन मागून आली होती.

"बाकीच्या कुठे भेटतील?" मी विचारले.

"वावरात. कापूस वेचाले गेल्या. अंधार पडेपर्यंत येत नाही."

"आज रविवार."

"कापसाले मालूम नाही जी," वेणूबाई म्हणाल्या.

बाहेर जीपचा भोंगा वाजला. एक वाजेपर्यंत जीप परत पाहिजे असे ठरले होते. मी रहीमभाईंना बोलावले आणि आधी इंजिन सुरू करून द्यायला सांगितले. पहिल्या खेपेला हँडल त्यांच्या हातातून निसटले. दुसऱ्या खेपेला ते मागे उडी मारून शिवी हासडणार होते, ती बाया पाहून गिळली. तिसऱ्या खेपेला इंजिन पेटले. हात झटकत ते म्हणाले, "ये औरत रोज कैसे चलाती होगी, बाई?"

मग एकेकीचे दळण पुढे सरकू लागले आणि आमच्याकडे कोणी पाहिले नाही.

परतीचा रस्ता

जीप डांबरी रस्त्याला लागल्यावर रहीमभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिले. "बाई, वो कागज मेरे को दे देना उतरते वक्त. सेठजी बोले थे सीधा उनके पास लाना."

सेठजी म्हणजे निर्मलाबाईंचे दीर. मी निर्मलाबाईंकडे पाहिले. त्या बाहेर पाहत होत्या. बाहेर संत्र्याच्या बागा होत्या, बहुतेक त्यांच्याच घरच्या. आणि आता मलाही दिसले की वारा धुराड्यांकडून बागांकडे येतो.

"त्यांच्या पानांवर राख पडते," निर्मलाबाई शेवटी म्हणाल्या. "त्यात खोटे काय आहे?"

"काहीच खोटे नाही," मी म्हटले. "पण कागद मंडळाचा आहे."

"मंडळाची जीप नाही."

यावर मालतीबाई पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. तिसरे वाक्य त्यांनी सेठजींच्या संत्र्यांसाठी लिहिलेले नव्हते, आणि वेणूबाईंची गिरणी बंद पाडण्यासाठीही नव्हते, असे काहीसे. जीप धंतोलीला पोचली. उतरताना मी फळी छातीशी धरली होती. रहीमभाईंनी मागितली नाही. "मैं बोल दूँगा, नहीं मिला," ते म्हणाले.

धंतोली, गुरुवार, २३ जानेवारी

कागद माझ्या कपाटात आहे. निर्मलाबाई दोनदा येऊन गेल्या. त्यांचे म्हणणे असे की त्रेचाळीस अंगठे आणि सह्या खऱ्या आहेत, राख खरी आहे, मुदत महिनाअखेर आहे, मग घोळ कशाला. राख खरी आहे हे मी मान्य केले. अंगठे गाळण्यांचे आहेत, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला आणि मला ठाऊक. वाचणाऱ्याला काय ठाऊक?" मला वाटते, मी आजवर ज्या ज्या कागदांवर संशय घेतला ते असेच तयार झाले असतील.

मंडळाच्या सभासदांना एवढेच सांगायचे आहे की हळदीकुंकू उत्तम झाले, आणि निवेदन अजून दिलेले नाही.

मालतीबाईंनी तिसरे वाक्य नव्याने लिहिले. चार खर्डे झाले. चौथा गिरणीच्या रांगेत वाचता येईल असा आहे, पण त्यात वेणूबाईंच्या लाइनीचे काय, याचे उत्तर नाही, आणि ते नाही असेच त्यांनी खाली लिहिले आहे. मुदत वाढवून मागणारे पत्र मी मंगळवारी टाकले. उत्तर नाही. जीप आता मिळणार नाही. सावनेरची एसटी सकाळी सहाला सुटते, फाट्यावर उतरून पुढे चालत तासभर. वावरात जाऊन भेटायचे तर कापूस वेचणे थांबवायला सांगता येणार नाही, वेचणाऱ्या बाईच्या मागे मागे चालत वाचावे लागेल. एका दिवसात दहा जणी होतील. मालतीबाई येते म्हणाल्या आहेत. त्यांना रविवारच मोकळा असतो, मुदतीआधी एकच रविवार उरला आहे.

अकरा नावांपुढे खूण आहे. बत्तीस जणींना कागद वाचून दाखवायचा बाकी.